कमी खर्चात गाडीच्या एक्झॉस्टचा आवाज कसा सुधारावा

मागचा सायलेन्सर कापून त्या जागी सरळ नळी लावली की साधी गाडीही स्पोर्ट्स कारसारखी वाजू लागते, असे सांगणारा माणूस बहुधा त्या गाडीतून पुण्याहून कोल्हापूरला कधी गेलेला नसतो. शहरातल्या पहिल्या दोन सिग्नलपर्यंत मजा येते. मग महामार्गावर गाडी पाचव्या गिअरमध्ये स्थिरावते आणि केबिनमध्ये असा घुमारा भरतो, की शेजारी बसलेल्याशी बोलायचे तर ओरडावे लागते आणि तासाभरात कपाळ ठणकू लागते. आवाज मोठा करायला काहीच अक्कल लागत नाही. आवाज चांगला करायचा, तर त्यातली नको असलेली एक वारंवारता नेमकी काढून टाकावी लागते, आणि मर्यादित पैसे खर्चायचे असतील तर ते तिथेच खर्चावेत.

उदाहरणासाठी २००० च्या दशकाच्या सुरुवातीची होंडा सिटी व्हीटेक समोर ठेवतो. तिचे दीड लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन १०६ बीएचपी (ब्रेक हॉर्सपॉवर) ताकद देत असे आणि वरच्या आरपीएमला (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) त्याला स्वतःचा सुंदर सूर आहे. टर्बो असलेल्या गाडीत एक्झॉस्टच्या मार्गातले टर्बाइनच बराचसा आवाज गिळून टाकते, त्यामुळे तिथे पद्धत तीच राहिली तरी फळ कमी मिळते. खर्चाची मर्यादा मी पंचवीस हजार रुपये धरली आहे. परदेशी ब्रँडचा पूर्ण संच या रकमेत येत नाही, आणि त्याची गरजही नाही.

कायद्याचे आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) प्रमाणे ध्वनिप्रदूषणाचे निकष मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय परवाना तीन महिन्यांसाठी जातो. परवानगी नसलेल्या बदलांसाठी कलम १८२अ वेगळे आहे आणि त्यात प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. त्यामुळे उद्दिष्ट स्वच्छ, खर्जातल्या आवाजाचे ठेवावे, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचे नव्हे. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नये. तो काढल्याने आवाज कर्कश होतो, पीयूसी हुकते आणि नव्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डवर इंजिनचा दिवाही लागतो. सायलेन्सरला ड्रिलने भोके पाडणे आणि टोकात शिट्टी बसवणे या सल्ल्यांवर बोलण्याइतकीही त्यांची योग्यता नाही.

मफलर आणि नळी

बदलायचा तो फक्त मागचा मफलर, म्हणजेच सायलेन्सर. मधला रेझोनेटर (नळीवरचा आवाज दाबणारा छोटा डबा) जागेवरच राहू द्यावा, कारण तो काढल्यावर जो पत्र्याचा डबा फाटल्यासारखा आवाज येतो, तो नंतर कोणत्याही महागड्या मफलरने झाकला जात नाही. नवा मफलर सरळ मार्गाचा, म्हणजे आत छिद्रांची नळी आणि भोवती काचतंतूंचे पॅकिंग असलेला घ्यावा, आणि गाडीखालच्या जागेत मावेल तेवढा लांब घ्यावा. नळी दोन इंचांची पुरे. अडीच इंचांची नळी म्हणजे जास्त ताकद, ही समजूत शंभर-सव्वाशे बीएचपीच्या गाडीला लागू पडत नाही. तिथे आवाज पोकळ होतो आणि खालच्या आरपीएमचा जोर ढिला पडल्यासारखा वाटतो.

स्टेनलेस स्टील घेताना फसवणूक हमखास होते. दुकानदार नळीला लोहचुंबक लावून दाखवतो, तो चिकटत नाही, आणि म्हणून हे ३०४, म्हणजे सहज न गंजणाऱ्या ग्रेडचे आहे असे सांगतो. सहसा २०२ ग्रेडच्या नळीलाही चुंबक चिकटत नाही. ती स्वस्त असते आणि दोन पावसाळ्यांत वेल्डच्या कडेने तांबूस होऊ लागते. रेलिंग बनवणाऱ्यांकडे तपासणीचे द्रावण असते, त्याचा एक थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह दिला की २०२ वर तो लालसर होतो. ही तपासणी समोर करून घ्यावी आणि दुकानदार कुरकुरला तर दुसरे दुकान गाठावे.

वेल्डिंग टिगने (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने) करून घ्यावे, आधी बॅटरीची ऋण तार काढावी, आणि नवा भाग मूळ नळीला थेट न जोडता फ्लँज (भोके असलेली जोड-चकती) आणि बोल्टने जोडावा. एक्झॉस्ट टांगून धरणाऱ्या हँगरची रबरे नवी घालावीत.

घुमारा मारणे

आता खरे काम. इथपर्यंत सगळे व्यवस्थित झाले तरी गाडी २,५०० ते ३,२०० आरपीएमच्या मध्ये कुठेतरी घुमणारच, कारण सरळ मार्गाचा मफलर वरचे, तीक्ष्ण आवाज शोषतो आणि खालच्या आवाजांना जवळजवळ मोकळे सोडतो. मला सर्वांत जास्त छळले ते या टप्प्याने. गॅरेजमध्ये याला ठरलेली उत्तरे मिळतात: अजून एक मफलर टाका, डिकीत डॅम्पिंगची शीट चिकटवा, नाही तर ‘सवय होईल’. पहिल्याने हवा तो सूरही मरतो. दुसऱ्याने पत्र्याची थरथर कमी होते, पण कानावरचा दाब तसाच राहतो. तिसऱ्याला उत्तर देण्यात अर्थ नाही.

उपाय आहे तो बंद तोंडाच्या आडव्या शाखेचा. मुख्य नळीला एक फाटा काढायचा आणि त्याचे दुसरे टोक बंद करायचे. आवाजाची लहर फाट्यात शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि फाट्याची लांबी लहरीच्या एक चतुर्थांश असेल तर परतताना ती मुख्य लहरीच्या बरोबर उलट असते. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. फाट्यातून वायू वाहत नसल्याने ताकद कमी होत नाही आणि बाकीच्या आरपीएमचा आवाज जवळपास जसाच्या तसा राहतो.

आधी घुमाऱ्याचा आरपीएम नक्की करावा. गाडी वीसेक मिनिटे चालवून एक्झॉस्ट पूर्ण तापवावा, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये हळूहळू वेग वाढवावा आणि शेजारी बसलेल्याने आकडा टिपून घ्यावा. चालवणाऱ्याने दोन्ही कामे करू नयेत. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणून आरपीएमला ६० ने भागून दोनने गुणावे: ३,००० ला १०० हर्ट्झ, २,७०० ला ९० हर्ट्झ. तीन सिलिंडरच्या गाडीत दोनऐवजी दीडने गुणावे. फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या ॲपमध्ये त्याच आकड्यावर उंच सुळका दिसला पाहिजे. तो तिथे नसेल तर घुमारा एक्झॉस्टचा नाही, एखादे उष्णतारोधक पत्र्याचे कव्हर सैल असेल, ते आधी आवळावे.

लांबीसाठी आवाजाच्या वेगाला वारंवारतेच्या चौपटीने भागायचे, आणि नेमका इथेच हिशेब चुकतो. शाळेतला ३४३ मीटर प्रतिसेकंद हा वेग २० अंश तापमानाच्या हवेचा आहे. तो धरल्यास १०० हर्ट्झसाठी ८६ सेंटिमीटर येतात आणि गरम गाडीत तो फाटा आखूड पडतो. तीनशे अंशांना वेग ४८० च्या आसपास जातो, त्याने १२० सेंटिमीटर येतात आणि तो लांब पडतो, कारण फाट्यातला वायू वाहत नसल्याने मुख्य नळीपेक्षा बराच थंड असतो. मी ४०० धरतो, म्हणजे १०० हर्ट्झला एक मीटर, आणि तेवढ्यावर विसंबत नाही. फाटा ९० सेंटिमीटरचाच ठेवून त्यावर घट्ट सरकणारी, एका बाजूने बंद केलेली बाहेरची नळी क्लँपने आवळावी, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येते. चाचणीत शांत पट्टा घुमाऱ्याच्या खालच्या आरपीएमला सापडला तर फाटा आखूड करावा, वरच्या आरपीएमला सापडला तर लांब करावा, एका वेळी दोन सेंटिमीटर. क्लँपला हात लावण्याआधी नळी थंड होऊ द्यावी. लांबी ठरली की मगच टोक कायमचे वेल्ड करावे.

फाट्याची जागाही मनमानी निवडू नये. एक्झॉस्टच्या उघड्या टोकाशी दाबाची लहर जवळपास शून्य असते, तिथे लावलेला फाटा शोभेचा ठरतो. तो मफलरच्या आधी, रेझोनेटर आणि मफलर यांच्या मधल्या नळीवर असावा. व्यास मुख्य नळीइतकाच हवा. जागा नसेल तर फाटा वळवून परत आणला तरी चालतो, लांबी मात्र वळणाच्या मध्यरेषेवरून मोजावी. बंद टोक मुख्य नळीपेक्षा किंचित वर ठेवावे, नाहीतर सकाळी थंड नळीत साठणारे पाणी त्यात अडकून राहील आणि ३०४ असले तरी वेल्ड सडेल. पेट्रोलच्या टाकीपासून आणि ब्रेकच्या नळ्यांपासून अंतर राखावे.

गळती आणि जुना सायलेन्सर

इंजिन सुरू ठेवून टोकावर जाड ओले फडके क्षणभर दाबावे आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले तर गाडी बाहेर काढू नये, कारण गळणारा कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला तर वासाने कळत नाही. शेवटचे टोक बंपरच्या थोडे बाहेर आलेले असावे.

मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते, तेव्हा तो परत चढवावा लागतो, आणि फ्लँज बोल्टचा असेल तर हे काम गॅरेजमध्ये अर्ध्या तासात उरकते. ठेवण्यापूर्वी त्यातले पाणी उलटे करून काढावे आणि दोन्ही तोंडे चिंध्यांनी बंद करावीत, नाहीतर आत उंदीर घर करतात.