प्रश्नांवरून ऑन्टॉलॉजी कशी रचावी : पीकसल्ल्याचे उदाहरण

एखाद्या विषयातील संकल्पना, त्यांचे गुणधर्म आणि परस्परसंबंध संगणकाला वापरता येतील अशा रीतीने मांडले की त्या मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. ‘आधी विषयतज्ज्ञाला गाठा आणि वर्गवृक्ष वरून खाली उतरवत न्या’ हा याबाबतीत सर्रास दिला जाणारा सल्ला माझ्या मते महिनेच्या महिने वाया घालवणारा आहे. पिकांवरील कीड-रोगांचा सल्ला देणाऱ्या प्रणालींसाठी हे काम मी अनेकदा केले आहे, म्हणून उदाहरणे तेथलीच घेतो.

सुरुवात प्रश्नांपासून करावी. शेतकरी कृषी सेवा केंद्रात जसा बोलतो तशाच शब्दांत, भाषा न सुधारता, शंभरेक प्रश्न उतरवून घ्यावेत: ‘पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) लाल पडाले लागली, काय मारू?’, ‘सोयाबीनची शेंड्याचीच पानं पिवळी झाली.’ रचनेने कोणत्या प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत हे आधी ठरवावे आणि त्याच प्रश्नांवर ती पुढे तपासावी, ही पद्धत ग्रुनिंगर आणि फॉक्स यांनी १९९५ मध्ये मांडली. ती आजही पुरेशी आहे. त्यानंतर प्रश्नांतील नामे आणि क्रियापदे वेगळी काढावीत, ते अर्ध्या दिवसाचे काम आहे.

खरी अडचण त्या शब्दांचे वर्ग करताना येते, आणि तेथे मी दोनदा फसलो. पहिल्या रचनेत मी बुरशी, जीवाणू, विषाणू आणि कीटक असे चार मुख्य वर्ग केले. परिणामी प्रणाली शेतकऱ्यालाच विचारू लागली की रोग कशामुळे झाला आहे. ते ठाऊक असते तर तो विचारायला कशाला आला असता? दुसऱ्या खेपेला मी उलट टोक गाठले आणि लोकांचे शब्द हेच वर्ग मानले. त्यात ‘करपा’ हा एक वर्ग झाला. भातावरचा करपा मॅग्नापोर्थे या बुरशीमुळे येतो, कांद्यावरचा जांभळा करपा अल्टरनेरियामुळे, तर बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा फायटोफ्थोरामुळे, आणि हा जीव तर शास्त्रीयदृष्ट्या बुरशीही नाही. उपाय मात्र मी वरच्या वर्गाला जोडलेले असल्याने ते खालच्या सर्वांना वारशाने मिळाले आणि भाताचे औषध कांद्याखाली दिसू लागले. हे चाचणीतच लक्षात आले म्हणून निभावले.

तेव्हापासून नाव, लक्षण आणि कारण हे तीन थर मी कधीही एकत्र करत नाही. नाव हा वर्ग नसून वर्गावर चिकटवलेली चिठ्ठी असते. संकल्पना आणि त्यांची नावे नोंदवण्यासाठी २००९ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कॉस या मांडणीत एका संकल्पनेला प्रत्येक भाषेत एकच मुख्य नाव, हवी तितकी पर्यायी नावे आणि चुकीच्या लेखनासाठी अदृश्य नावेही देता येतात. ‘करपा’ हे पर्यायी नाव तिन्ही रोगांना खुशाल द्यावे. कोणता करपा, हे पीक विचारून ठरते.

कोणते गुणधर्म ठेवायचे, हेही प्रश्नच सांगतात. कपाशीवरचा ‘लाल्या’ मॅग्नेशियमच्या कमतरतेने दिसतो आणि तुडतुड्यांच्या उपद्रवानेही पाने लाल होतात. म्हणून ‘शिरा हिरव्या राहिल्या का’ आणि ‘कडा वळल्या का’ हे गुणधर्म लागतात. सोयाबीनच्या प्रश्नातला ‘शेंड्याचीच’ हा शब्द तर सोन्यासारखा आहे: लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहसा सरकत नाही म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर आधी दिसते, नत्राची मात्र जुन्या पानांवर. ‘पानाचे वय’ हा गुणधर्म माझ्या रचनेत त्या एका शब्दामुळे आला. याउलट किडीचे कुळ आणि गण तज्ज्ञांच्या आग्रहाने घातले होते. एकाही प्रश्नाला त्यांची गरज पडली नाही, म्हणून ते काढून टाकले. तज्ज्ञ नाराज झाले, पण त्याला इलाज नाही.

उपवर्ग करताना ‘प्रत्येक क हा ख असतो का?’ एवढे विचारावे. गुलाबी बोंडअळी कापसाखाली ठेवणारे अजूनही भेटतात. ती कापसाचा प्रकार नाही, तिचा कापसाशी उपद्रवाचा संबंध आहे.

प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे भरणे ही केवळ हमाली आहे. नंतर प्रत्येक प्रश्न स्पार्कल या माहिती शोधण्याच्या भाषेत लिहून प्रत्येक बदलानंतर चालवावा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ऑन्टॉलॉजी ज्या आउल भाषेत लिहितात तिच्यात नोंद नसणे म्हणजे नकार नव्हे, आणि रिकाम्या पडद्याचा अर्थ शेतकरी आपल्या मनाने लावतो. त्यामुळे ‘आत्ता फवारणी नको’ हे उत्तर स्वतंत्र संकल्पना म्हणून भरावे आणि त्याला आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किडीची ज्या संख्येपासून फवारणी करावी ती मर्यादा, जोडावी. गुलाबी बोंडअळीसाठी ती कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन दिवस रोज आठ पतंग अशी धरतात. पुढच्या हंगामात नवे शब्द ऐकू येतील तेव्हा आधी चिठ्ठ्या वाढवाव्यात, वर्गांना हात लावू नये.