प्रोग्रॅम आपोआप चालू होईना? या चुका टाळा

बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक तरी असा फोन येतोच: "सर, बिलाचा प्रोग्रॅम सकाळी आपलं आपण उघडत होता की ओ. आता उघडेना झालाय. व्हायरस आलाय बघा."

व्हायरस नसतो. कुणाच्या तरी भाच्यानं व्हिडिओ बघून दोन मिनिटांत सेटिंग केलेलं असतं. एकदा चालू करून बघितलं, उघडला, टाळी दिली आणि भाचा गेला पुण्याला.

खानापूरचं एक झेरॉक्सचं दुकान मी विसरणार नाही. ऑनलाइन अर्ज, लॅमिनेशन, फोटो, सगळं एका लॅपटॉपवर. टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरवल्याप्रमाणं प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या विंडोजमधल्या सोयीतून, बिलाचा प्रोग्रॅम लॉगिनबरोबर उघडावा असं केलेलं. तक्रार अशी की कधी उघडतो, कधी नाही. आणि कधी कधी काम चालू असताना मधेच बंद पडतो. मी लॅपटॉप बेळगावला आणला. दोन दिवसांत वीस वेळा चालू-बंद केला. वीसही वेळा प्रोग्रॅम उघडला. परत नेऊन दिला, पैसे घेतले नाहीत, तिसऱ्या दिवशी परत फोन. आधी कुणीतरी त्यांना विंडोज नव्यानं घालायला लावलं होतं, तरी तेच.

शेवटी जुलैच्या पावसात तिथंच जाऊन बसलो. चहा आला आणि लाइट गेली. माझ्या डोळ्यांदेखत बिलाचा प्रोग्रॅम बंद झाला. लॅपटॉप मात्र बॅटरीवर मजेत चालू. मालक म्हणाले, "बघा, मी खोटं बोलतोय काय?"

त्याचं कारण टास्क शेड्युलरच्या कंडिशन्स टॅबमध्ये होतं. तिथं 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' यावर आधीपासून टिक असते. म्हणजे चार्जरला लाइट असेल तरच चालू कर. तिच्याखाली दुसरी टिक: बॅटरीवर गेलं की थांबव. 'क्रिएट बेसिक टास्क' या सोप्या वाटेनं गेलात तर हे पान समोर येतच नाही, टिका मात्र लागलेल्या राहतात. माझ्या दुकानात लॅपटॉप सतत चार्जरला, म्हणून मला वीस वेळा तो शहाणा वाटला. खानापुरात पावसाळ्यात लाइटीचा काय भरवसा?

म्हणून मी बेसिक टास्कला हातच लावत नाही. 'क्रिएट टास्क' घ्यायचं, कंडिशन्समध्ये जाऊन दोन्ही टिका काढायच्या. यूएसबी केबलनं जोडलेला यूपीएस असेल तर डेस्कटॉपवरही हे बघा, कारण विंडोजला तो यूपीएस बॅटरीच वाटू शकतो. तिथंच आहात तर सेटिंग्ज टॅबवरची '3 डेज'ची टिकही काढा. दुकानातला कॉम्प्युटर आठवडाभर बंद न करणारे खूप आहेत; टास्कमधून उघडलेला प्रोग्रॅम 3 दिवसांनी विंडोज स्वतः बंद करतं आणि लोक दिवस-वेळ बघून ग्रहणाचा संबंध लावतात.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे घाई. निपाणीत तंबाखूच्या वखारीचं ऑफिस. पुढं दोन कॉम्प्युटर, मागच्या खोलीत तिसरा. हिशोबाचा सगळा डेटा त्या तिसऱ्यावर. पुढच्या कॉम्प्युटरला एसएसडी घातलेली, अर्ध्या मिनिटात तयार. मागचा जुन्या हार्डडिस्कचा, निवांत उठणारा. लाइट आली की तिन्ही एकदम चालू. पुढचा प्रोग्रॅम डेटा शोधायचा, डेटा अजून झोपलेला. मग तो विचारायचा, नवीन कंपनी उघडू का? नवीन आलेल्या पोरानं 'यस' दाबलं आणि दुपारपर्यंत आवक-जावक एका रिकाम्या वहीत चढवत बसला. संध्याकाळी ते सगळं परत भरायला तो, मी आणि दिवाणजी असे तिघं बसलो होतो.

अशा ठिकाणी लोक टास्क शेड्युलरच्या ट्रिगरमध्ये, म्हणजे टास्क कधी चालू व्हायचा ते ठरवतात तिथं जाऊन 'डिले टास्क फॉर' 1 मिनिट करतात. काहीच न करण्यापेक्षा बरं, पण हा अंदाज झाला. मागचा कॉम्प्युटर एखाद्या दिवशी अपडेट घालत बसला तर 1 मिनिट कुठं पुरतंय? मी चार ओळींची बॅच फाइल, म्हणजे विंडोजनं ओळीनं पाळायच्या हुकमांची साधी फाइल, लिहितो: डेटाची फाइल दिसते का बघ, नसली तर 10 सेकंद थांब, परत बघ, दिसली की मगच प्रोग्रॅम उघड. स्टार्टअपमध्ये, म्हणजे लॉगिनबरोबर उघडायच्या गोष्टींच्या फोल्डरमध्ये, शॉर्टकट त्या बॅच फाइलचा ठेवायचा. निपाणीत तेव्हापासून ती भानगड झालेली नाही. आणि फाइलीत झेड ड्राइव्ह वगैरे, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरला दिलेलं एका अक्षराचं नाव, लिहू नका, त्या कॉम्प्युटरच्या नावासकट पूर्ण पत्ता लिहा. टास्कमध्ये 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर, म्हणजे अॅडमिनच्या अधिकारानं चालव यावर, टिक केली की पुष्कळदा त्या टास्कला तुमचा झेड ड्राइव्ह दिसतच नाही, एक्सप्लोररमध्ये तो समोर दिसत असला तरी.

आता बाकीच्या पटापट.

स्टार्टअप फोल्डरमध्ये शॉर्टकट टाकायचा असतो. प्रोग्रॅमची मूळ ईएक्सई फाइलच उचलून टाकली की ती आपल्या बाकीच्या फायली शोधत बसते. विंडोजचं बटण आणि आर दाबा, 'शेल:स्टार्टअप' असं इंग्रजीत टाइप करा, फोल्डर उघडेल.

हा फोल्डर ज्याच्या लॉगिननं उघडला त्याचाच. मालकाच्या लॉगिनमध्ये टाकून ऑपरेटरच्या लॉगिनमध्ये शोधू नका. सगळ्यांसाठी हवं तर 'शेल:कॉमन स्टार्टअप'.

उघडताना 'यस/नो' विचारणारे, म्हणजे अॅडमिनची परवानगी मागणारे प्रोग्रॅम स्टार्टअप फोल्डरमधून उघडत नाहीत. विंडोज काही न बोलता त्यांना अडवतं. त्यांना टास्क शेड्युलर आणि वरची 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ची टिक. यासाठी परवानगीचा इशारा कायमचा बंद करून ठेवणारे महाभाग शहापुरापासून संकेश्वरापर्यंत सगळीकडं आहेत. ग्राहकांच्या आधार कार्डांचे स्कॅन ज्या कॉम्प्युटरवर पडलेले असतात, त्याच्यावर तरी हे करू नका.

ट्रिगर 'अॅट लॉग ऑन' ठेवा. 'अॅट स्टार्टअप' ठेवलं आणि लॉगिन असो-नसो चालव म्हटलं, की प्रोग्रॅम चालतो पण त्याची खिडकी कुणालाच दिसत नाही.

शॉर्टकट टाकूनही उघडत नसेल तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये 'डिसेबल्ड' लिहिलंय का बघा. निम्म्या वेळा तेच असतं, आणि ते करणारे तुम्हीच असता.

लॅपटॉपचं झाकण लावून उघडणं म्हणजे बंद करून चालू करणं नव्हे. तपासायचं तर साइन आउट करून आत या, मग एकदा खरोखर शटडाउन करा. आणि हो, लाइट घालवूनही बघा; मी खानापूरनंतर चार्जर काढून तपासतो.

आमच्या भागातली एक खास चूक राहिली. इथं प्रत्येक डीटीपीवाल्याला कन्नड आणि मराठी दोन्ही टायपिंग लागतं. सकाळी कन्नडमध्ये अर्ज, दुपारी मराठीत लग्नपत्रिका. म्हणून दोन्ही टायपिंगचे प्रोग्रॅम स्टार्टअपला लावतात. दोघांचं चालू-बंद करायचं बटण एकच निघालं की दोघं एकाच कीबोर्डवर भांडतात. गणपत गल्लीतल्या एका दुकानात नवरीच्या नावात अर्धी अक्षरं भलतीच उमटत होती आणि कीबोर्ड दोनदा बदलून झाला होता. मी तिथं कन्नडचा तेवढा स्टार्टअपला ठेवला, मराठीचा टास्कबारवर. काकूंना सांगितलं, पत्रिका घ्यायच्या आधी हा बंद करा, मग तो उघडा. काकू म्हणाल्या, "म्हणजे परत हातानंच की!" होय काकू, हातानंच.