बारा पानांचं कापडी पुस्तक: मांजरपाट, स्टेन्सिल आणि उलटी टीप

कागदाचं पुस्तक बांधून झालं की बाइंडर तिन्ही कडा एका घावात कापतो आणि पानं सारखी होतात. कापडी पुस्तकाला ही सोय नाही. त्याच्या कडा आधीच शिवून उलटवलेल्या असतात. नंतर कात्री लावाल तर उसवणारच. म्हणून मापं, पानांचा क्रम आणि रंग, तिन्हींचा हिशेब सुईत दोरा ओवण्याआधी पुरा झालेला हवा.

इथे दिलेलं माप १६ × १६ सेंमी पानाचं आहे. पुढचं-मागचं आवरण धरून १२ पानं होतात. सामान असं: ९० सेंमी पन्ह्याचा मांजरपाट १ मीटर, आत घालायला फ्लॅनेल किंवा मऊ झालेली जुनी सुती साडी, कापडाचे अ‍ॅक्रिलिक रंग, ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचं पातळ पान), कटर, भांडी घासायचा स्पंज, भरतकामाचा सहापदरी दोरा आणि शेवटच्या शिलाईला जाड सुती दोरा. पॉलिएस्टरचं अस्तर घेऊ नका. ते इस्त्रीखाली आकसतं.

मांजरपाट आणल्या आणल्या कापू नका. त्यात गिरणीची खळ असते आणि ती धुतल्याशिवाय रंग धाग्यात शिरत नाही, वरच्यावर बसतो आणि दोन धुण्यांत पोपडे निघतात. कडक गरम पाण्यात साबण घालून तासभर भिजवा, चोळून धुवा, वाळवा. मीटरमागे चार-पाच सेंमी कापड आटतं. ते आत्ताच आटू दे. आपल्याकडे सुती कपड्याला पेजेची कांजी करायची सवय आहे, ती इथे आवरा. खळ काढून पुन्हा खळ घालण्यात अर्थ नाही, शिवाय कांजीवर कसर लागते.

कापताना सहा तुकडे लागतात, पण सगळे एकाच मापाचे नाहीत. पुस्तकात तीन दुहेरी पानं, प्रत्येक दोन तुकड्यांच्या जोडीचं, एकात एक घडी घालून बसतात. बाहेरच्या घडीला आतल्यांच्या जाडीला वळसा घालावा लागतो, म्हणून आतल्या घडीची कड बाहेर डोकावते. बाहेरच्या जोडीचे दोन तुकडे ३५ × १९ सेंमी, मधल्या जोडीचे ३४.५ × १९ आणि आतल्या जोडीचे ३४ × १९ कापा. यात चारही बाजूंनी दीड सेंमी शिलाई धरली आहे. उरलेल्या कापडाच्या पट्ट्या रंग तपासायला ठेवा.

आता क्रम. एका तुकड्यावर शेजारी-शेजारी दोन चित्रं येतात, पण ती पुस्तकात शेजारी नसतात. तुकड्याच्या डाव्या-उजव्या पानांची बेरीज नेहमी १३ यायला हवी. बाहेरची जोडी: एका तुकड्यावर डावीकडे १२, उजवीकडे १. दुसऱ्यावर २ आणि ११. मधली: १० आणि ३, मग ४ आणि ९. आतली: ८ आणि ५, मग ६ आणि ७. प्रत्येक तुकड्याच्या शिलाईत पेन्सिलीने हे आकडे आणि वर बाण काढून ठेवा. जोडी शिवताना दोन्ही बाण एकाच दिशेला नसले तर उलटवल्यावर एक पान डोक्यावर उभं असतं.

स्टेन्सिलचं, म्हणजे शीटमध्ये कापलेल्या भोकांतून छापायचं, चित्र साडेअकरा सेंमी रुंद आणि १३ सेंमी उंच चौकटीत बसवा. मधल्या घडीपासून अडीच सेंमी आणि कापलेल्या कडेपासून किमान तीन सेंमी जागा मोकळी. घडीजवळची जागा शिलाई खाते.

चित्रं कोणती? एकरंगी, ठसठशीत. गोव्यातल्या मोरजीच्या मोरजाई देवळासारख्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला यासाठी उत्तम. तिथे तांबड्या कावेचा थर ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केलेला असतो. म्हणजे लाल आणि पांढरा, दोनच रंग, मधली छटा नाही. स्टेन्सिलला नेमकं हेच हवं. त्यातली वर्तुळात बसलेली फुलं कंपासने काढता येतात. लहान मुलांसाठी कुर्ली (खेकडा), बांगडा, माड, होडी, आबोली चालतात. कुर्लीच्या नांग्या मात्र जाड काढा.

शीट कापताना आधी आतली लहान भोकं, मग मोठी. उलट केलंत तर मोठ्या भोकाकाठचं शीट हलतं आणि लहान भोक वाकडं येतं. वळणावर कटर स्थिर ठेवून शीट फिरवा. दोन भोकांमधला पूल ३ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, तो स्पंजाबरोबर उचलला जातो.

अक्षरांत खरी मेख आहे. ‘व’ कापला की पोटातलं बेट गळून पडतं आणि छापल्यावर नुसता लाल गोळा दिसतो. बेटाला दोन बाजूंनी पूल द्या. ‘ब’ला मधली तिरकी रेघ असते, म्हणजे पोटात दोन बेटं, पूल चार. ‘क’, ‘भ’, ‘म’, ‘थ’ आणि आकड्यांत ०, ४ यांचीही हीच गत. शिरोरेषा सलग कापू नका. लांब फट ढिली पडून उचलते आणि रंग खाली पसरतो. दर अक्षरानंतर ती ३ मिलिमीटर तोडा, वाचताना खटकत नाही. शीटच्या कोपऱ्यात ‘वरची बाजू’ लिहा, नाहीतर ‘माड’ आरशातला छापला जाईल.

छापताना कापडाखाली गुळगुळीत जुनं कॅलेंडर, वर शीट मास्किंग टेपने चिकटवलेलं. रंगात पाणी एक थेंबही नको. स्पंजाचा तुकडा कपड्याच्या चिमट्यात धरा, रंगात टेका आणि आधी रद्दीवर पाच-सहा वेळा आपटा. स्पंज जवळजवळ कोरडा वाटला की मगच कापडावर, उभा ठोकत. घासायचं नाही. पहिला हात फिका दिसेल, दिसू दे. दहा मिनिटांनी दुसरा. एकाच हातात गडद करायला गेलं की रंग शीटखाली शिरतो. दर दोन छापांनंतर शीटची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसा. कावीचा रंग लालात थोडा तपकिरी मिसळून येतो. आधी पट्टीवर वाळवून बघा, वाळल्यावर तो गडद होतो.

कोरड्या दिवसांत २४ तास वाळवणं पुरतं. गोव्याच्या पावसाळ्यात किमान ४८, तेही पंख्याखाली. जुलैत हे काम हाती न घेतलेलं बरं. मग उलट बाजूने सुती कपड्याच्या तापमानावर, वाफ बंद ठेवून, चार-पाच मिनिटं इस्त्री फिरवत राहा. बाटलीवरची सूचना वेगळी असेल तर तीच पाळा. रंग ओलसर असताना इस्त्री केलीत तर तो इस्त्रीलाच चिकटतो.

भरतकाम आत्ताच, जोड्या शिवण्याआधी, म्हणजे गाठी आत लपतात. दोन पदर, हातभर दोरा, साधा धावदोरा. रंगातून सुई ओढायला जड जाते आणि भोक दिसत राहतं, म्हणून आकाराच्या बाहेर एक मिलिमीटर सोडून टाके घाला. कडेला पसरलेला रंगही त्यात झाकला जातो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मणी, बटणं, टिकल्या अजिबात नकोत.

दोन तुकडे चित्रं आत करून जोडा. वर पुऱ्या दुहेरी पानापेक्षा किंचित लहान कापलेलं फ्लॅनेल मोठ्या टाक्यांनी टाचा. ते शिलाईत आलं तर कडा फुगतात. चारी बाजू शिवा, खालच्या कडेला ८ सेंमी तोंड सोडा, पण कोपऱ्यात किंवा घडीवर नाही. कोपरे टाक्यापासून दोन मिलिमीटरवर तिरके कापा, उलटवा, तोंड तुरपून बंद करा. टॉवेलवर चित्र पालथं घालून इस्त्री.

शेवटी तिन्ही जोड्या मध्यावर जुळवून टाचण्या लावा आणि घडीच्या रेषेवर वरपासून खालपर्यंत उलटी टीप (दर टाक्याला सुई मागे आणून घातलेली टीप) घाला. इथे नऊ थर असतात. घरच्या मशीनला १६ नंबरची सुई आणि सर्वांत लांब टाका लावा, चाक हाताने फिरवा. हाताने शिवत असाल तर आधी दाभणाने ४ मिलिमीटर अंतरावर भोकं पाडा आणि दुहेरी दोऱ्यावरून मेण फिरवा. दोन्ही टोकांना टीप तीनदा. पान ओढलं की ताण तिथेच येतो.

आवरणाला कुणबी कापडाची लाल चौकड्यांची पट्टी लावायची असेल तर आधी ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. लाल उतरला तर ती वेगळी धुऊन घ्या, तरीही उतरत असेल तर सोडा. छपाईनंतर तीन दिवस पुस्तकाला पाणी लावू नका. मग हाताने, थंड पाण्यात, न पिळता धुवा आणि पानं उघडी ठेवून उभं वाळवा. कपाटात शेजारी वेखंडाचा तुकडा ठेवा.