कापडावर यूव्ही प्रिंटिंग : या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या बऱ्याच फ्लेक्सवाल्यांनी आता दहा फुटी यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशानं शाई घट्ट करणारं, छपाई मशीन घेतलंय. काम चांगलं आहे. स्टेजचे पडदे, बॅकलिट कापड, झेंडे, शोरूमच्या भिंती, सगळ्याला मागणी आहे. पण मशीन बसवून महिना होत नाही तोच फोन सुरू होतात, आणि तक्रारी त्याच त्या असतात. शाई सोडणारं हेड बंद पडलं. प्रिंट चिकटली. कापड आकसलं. जवळजवळ प्रत्येक फोनमागे एकच कारण सापडतं. यूव्ही शाई हवेनं किंवा उष्णतेनं वाळत नाही, प्रकाशानं घट्ट होते, आणि हे फ्लेक्सवर दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं नसतं. फ्लेक्सच्या सॉल्व्हंट शाईतलं द्रावण उडून जातं. यूव्ही शाईतलं जवळजवळ काहीच उडत नाही. प्रकाश पडला की तिचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. तो पडला नाही, तर ती चार दिवसांनीही ओलीच राहते.

नको तिथे प्रकाश

पहिली चूक माझ्याच शेडमध्ये झाली, म्हणून सविस्तर सांगतो.

मे महिना होता. बाहेर ४५ अंश. दुपारी वीज गेली, मशीन कापडाच्या मधोमध थांबलं, हेड वाहून नेणारं कॅरेज बेडवरच, म्हणजे कापड ज्यावर पसरतं त्या पाटावरच, राहिलं. पोरांना उकडायला लागलं, त्यांनी पश्चिमेचं शटर वर केलं. ऊन थेट मशीनवर येत नव्हतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. ते फरशीवर पडत होतं, फरशीवरून पांढऱ्या कापडावर आणि कापडावरून वर हेडच्या तळाशी. अडीच तासांनी वीज आली. नोझल चेक, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांची चाचणी-छपाई, काढला तर पिवळ्या आणि काळ्याच्या रेघा अर्ध्याहून जास्त गायब. क्लीनिंग मारलं, हेड धुण्याचं द्रावण, म्हणजे फ्लश, लावला, रात्रभर भिजत ठेवलं. काही उपयोग झाला नाही. कारण नोझलच्या तोंडाशी जे होतं ती आता शाई राहिली नव्हती, तो प्लॅस्टिकचा कण झाला होता, आणि एकदा जोडली गेलेली ती साखळी कुठल्याच फ्लशमध्ये विरघळत नाही. दोन हेड बदलावे लागले. त्या सीझनची कमाई त्यातच गेली.

तेव्हापासून माझी सवय अशी. वीज गेली की दुसरं काहीही करण्याआधी कॅरेज हातानं कॅपिंगवर, म्हणजे हेड झाकून ठेवायच्या जागी, न्यायचं. तुमच्या मॉडेलमध्ये ते हातानं हलतं का, हे मशीन बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्या. कॅरेजवर टाकायला जाड काळं कापड मशीनच्या बाजूलाच खुंटीला टांगलेलं असतं. ते दुसऱ्या कामाला कुणी उचललं तर माझा आवाज चढतो.

"आमच्याकडे काचेची खिडकी आहे, काच यूव्ही अडवते" असं बरेच जण सांगतात. साधी काच कमी लांबीच्या लहरी अडवते हे खरं. पण एलईडी लॅम्पवर घट्ट होणारी शाई ३८५-३९५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशावर चालते, आणि तो प्रकाश काचेतून आरामात आत येतो. खिडकीला यूव्ही अडवणारी पिवळी फिल्म लावा, नाहीतर सरळ जाड पडदा.

जाळीच्या कापडावर हेच संकट मशीनच्या पोटात तयार होतं. शाई घट्ट करायला हेडशेजारी बसवलेल्या लॅम्पचा प्रकाश भोकांतून खाली जातो, चकचकीत अॅल्युमिनियमच्या बेडवर आपटतो आणि उलटा हेडकडे येतो. जाळी छापताना बेडवर काळा, चमक नसलेला कागद किंवा कापड अंथरा. भोकांतून खाली गळणारी शाईही त्यावरच राहते, बेड खरवडत बसावं लागत नाही.

शाई ठेवण्याबद्दल थोडक्यात. बाटलीवर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं, बहुधा २५ अंशांच्या आसपासची मर्यादा. आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये ती सकाळी नऊलाच ओलांडली जाते. माझा साठा घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत असतो. आणि उरलेली शाई एकत्र करून बाटली काठोकाठ भरू नका. वर थोडी हवा राहू द्या. शाईला आपोआप घट्ट होऊ न देणारं जे रसायन तिच्यात घातलेलं असतं, त्याला काम करायला हवेतला ऑक्सिजन लागतो.

हवा तिथे कमी प्रकाश

दुसरी चूक रोज कुठे ना कुठे होते, आणि तिचं मूळ घाईत आहे.

गणपतीच्या आधीचा आठवडा. धुळ्यातल्या एका ओळखीच्या शेडमध्ये मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो. मशीनवर मंडळाचा चाळीस फुटी पडदा चालू होता, पॉलिस्टर कापड, मागची सगळी जमीन काळी आणि मरून. आठ पासचं, म्हणजे एकाच जागेवरून हेडच्या आठ फेऱ्यांचं, काम पोरगा चार पासवर काढत होता, आणि कापड तापून आकसू नये म्हणून लॅम्पही कमी केला होता. मी म्हटलं, हे चिकटेल. त्यानं प्रिंटवरून हात फिरवून दाखवला. "कोरडं शे भाऊ, व्हई जाई." पडदा घट्ट गुंडाळून रात्री भिंतीला उभा केला. सकाळी उलगडताना सेलोटेप ओढल्यासारखा चर्र आवाज यायला लागला. काळ्याचे चट्टे कापडाच्या पाठीवर गेले होते, आणि देवाच्या मुकुटाजवळ पांढरे धागे उघडे पडले होते. शेडभर तो उग्र वास. मंडळाची माणसं दारात उभी.

हिशोब साधा आहे. पास निम्मे करून मशीनचा वेग दुप्पट केला की कापडाच्या प्रत्येक इंचाला मिळणारा प्रकाश निम्मा होतो. त्यात लॅम्प कमी केला तर आणखी घट. त्यात काळा रंग, जो प्रकाश स्वतःच गिळतो आणि खालच्या थरापर्यंत पोचू देत नाही. आणि या सगळ्यावर कापड. फ्लेक्सवर शाई वर बसते, तिथे लपायला जागा नसते. कापडात ती धाग्यांच्या पिळात उतरते, आणि धाग्याच्या सावलीत लॅम्प पोचत नाही. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं, आत मात्र ओली शाई दबा धरून असते. रोलचा दाब पडला की ती बाहेर येते.

म्हणून हात फिरवून बघणं ही परीक्षाच नव्हे. मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक नव्या कापडावर आधी वीतभर पट्टी छापतो, त्यात गच्च काळा आणि गच्च पिवळा असतोच. पांढऱ्या सुती फडक्यानं वीस वेळा जोर लावून घासतो. मग पट्टीची घडी घालून, छापील बाजू छापील बाजूवर ठेवून, रात्रभर शाईच्या कॅनखाली दाबतो. सकाळी न चिकटता उघडली आणि उग्र वास नसला, तरच रोल लावतो. एक रात्र जाते. ज्यांना ती रात्र परवडत नाही, त्यांचे रोल परत आलेले मी पाहिलेत.

कापड तापतंय म्हणून लॅम्प कमी करण्यापेक्षा पास वाढवा. लॅम्प पाऱ्याचा असेल तर त्याचे तास वहीत लिहा, तो पेटतो म्हणजे पूर्ण ताकदीनं पेटतो असं नाही. एलईडी असेल तर त्याच्या काचेवर शाईचा धुरळा बसतो. ती काच दर शनिवारी मी स्वतः पुसतो. आणि पाऱ्याच्या लॅम्पसाठी बनवलेली शाई स्वस्तात मिळाली म्हणून एलईडी मशीनमध्ये ओतू नका. दोन्हींना लागणारा प्रकाश वेगळा आहे.

फ्लेक्सचं प्रोफाइल, म्हणजे शाई किती पडायची याची सेटिंग, कापडावर वापरू नका, शाई जास्त पडते.

विणीच्या लवचिक कापडाला मशीनवर गरजेपेक्षा जास्त ताण दिलात तर उतरवल्यावर ते मागे येतं आणि चेहरे चपटे होतात. आधी मीटरभर छापा, कापड सैल सोडा आणि मोजा.

पांढरी शाई रोज सकाळी हलवा. तिच्यातलं रंगद्रव्य जड असतं, तळाशी बसतं.

किनारीचे लोंबणारे धागे कात्रीनं कापल्याशिवाय रोल चढवू नका. एक धागा हेडखाली अडकला की शाई ओढत नेतो, आणि सुरकुती आली तर हेडच घासतं. मी कापडाला फ्लेक्सपेक्षा हेडची उंची अर्धा-एक मिलिमीटर जास्त ठेवतो. त्याहून वाढवलं की थेंब भरकटतात आणि अक्षरांच्या कडा फुटतात.

सारंगखेड्याच्या यात्रेच्या सुमाराला, म्हणजे डिसेंबरात, हवा कोरडी पडते आणि पॉलिस्टरवर स्थिर वीज साठते. छापलेल्या भागाच्या कडेला रंगाची बारीक धूळ दिसली, रोल उलगडताना हाताला चटका बसला, तर दोष हेडचा नाही. तेव्हा उगाच क्लीनिंग मारून शाई वाया घालवू नका. अर्थिंग तपासा, फरशीवर ओली गोणपाटं टाका, हवेतला ओलावा ४० टक्क्यांच्या वर आणा. स्थिर वीज मारणारी पट्टी बसवता आली तर उत्तमच.

आता हातांचं. पोरं उघड्या हातानं शाई पुसतात, हे मला बघवत नाही. ओली यूव्ही शाई कातडीला त्रास देते, आणि एकदा का शरीरानं तिची ॲलर्जी धरली की ती बहुधा जन्मभर राहते. माझ्याकडे काम केलेल्या एका मुलाच्या बोटांना चिरा पडायच्या. बरा व्हायचा, मशीनवर आला की पुन्हा सुरू. शेवटी चांगला हात असूनही त्याला हे काम सोडावं लागलं. नायट्राइलचे हातमोजे घाला, पातळ लॅटेक्सचे नकोत. शाई लागली की साबण-पाण्यानं धुवा, सॉल्व्हंटनं नाही, त्यानं ती आणखी आत शिरते.

याच कारणानं उपरणी, टोप्या, टी-शर्ट, बाळाच्या दुपट्याचं कापड मी यूव्हीवर छापत नाही. धाग्याच्या आत थोडी जरी कच्ची शाई राहिली तरी ती अंगाला लागणार. असं गिऱ्हाईक मी सब्लिमेशनवाल्याकडे, म्हणजे उष्णतेनं रंग धाग्यात उतरवणाऱ्याकडे, पाठवतो.

काम देताना कापडाची घडी घालू नका. घट्ट झालेली शाई घडीवर तडकते आणि पांढरी रेघ उमटते. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर, छापील बाजू बाहेर ठेवून, मध्ये पातळ कागद घालून गुंडाळा. नळीचे पैसे बिलात वेगळे लावा, आणि मंडळाच्या पोरांना पडदा टेम्पोत आडवा ठेवायला सांगा, वर ढोल-ताशे न टाकता.