गोकाकचा धबधबा गेममध्ये बांधून बघा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता खानापूरहून, सातवीत आहे, दिवसभर माइनक्राफ्ट (ठोकळे रचून जग बांधायचा गेम) आणि माझी बहीण वैतागलेली की हा पुस्तकाला हात लावत नाही. मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंच आहे, तुझ्या गेममधला एक ठोकळा एक मीटरचा असतोय, मग ५२ ठोकळ्यांचा कडा बांध, खाली पाणी सोड आणि वरनं उडी मार, मी स्टॉपवॉच लावते. तासभर बांधत बसला. उडी मारली, खाली पोचायला साधारण २ सेकंद लागले. मग वही काढली, अंतराची दुप्पट करायची, ९.८ ने, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वानं, भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, उत्तर आलं सव्वातीन सेकंद. "मावशी, गेम चुकलाय की!"

गेम चुकलेला नाही, बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम तसा केलाय, आणि का केलाय हे शोधण्यात आमची पुढची दोन दिवसं गेली. माइनक्राफ्टमधलं गुरुत्व साधारण ३२ आहे, म्हणजे पृथ्वीच्या तिपटीहून जास्त. त्यातला माणूस सव्वा ठोकळा उंच उडी मारतो. खऱ्या गुरुत्वात एवढ्या उडीला वर जाऊन खाली यायला एक सेकंद लागला असता, आणि बटण दाबल्यावर सेकंदभर हवेत लटकत राहिलेला माणूस खेळणाऱ्याला फुग्यासारखा वाटतो, म्हणून गुरुत्व वाढवलं की उडी चटकन संपते. भाच्यानं ३२ घालून परत हिशोब केला तर १.८ सेकंद आलं आणि तो अडकला, आपण तर २ मोजलेत. तिथंच त्याला हवेचा अडथळा सापडला, गेममध्ये तोही घातलेला आहे. आणि खालच्या पाण्यानं त्याला वाचवलं तेही गेमपुरतंच, कारण खऱ्या ५२ मीटरवरनं पडलं तर पाण्याला टेकताना वेग ताशी ११५ किलोमीटर असतोय, तिथं पाणी मऊ राहत नाही. हे मी त्याला दोनदा सांगितलं, तुम्हीही पोरांना सांगा.

तर तुम्हाला असं खेळायचं असेल तर आधी नुसतं खेळा. पहिल्यांदा खेळताना किंवा गोष्ट वाचताना पेन घेऊन बसू नका, मजाच गेली तर प्रश्न कशाला पडतील. दुसऱ्या फेरीला वही जवळ घ्या आणि जिथं मन अडखळलं तिथली एकच ओळ लिहा. मग स्वतःचा अंदाज लिहा, कितीही चुकीचा वाटला तरी लिहाच. नंतर मोजता येतंय का बघा आणि फोनवर सर्च सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की उत्तर मिळतंय पण संध्याकाळपर्यंत विसरून जातंय, माझं कितीतरी वेळा असं झालंय. अंदाज लिहिलेला असला की आपण किती चुकलो हे दिसतं आणि ते डोक्यात बसतं.

मोजायला काहीच नसेल तेव्हा हे विचारायचं की हे असं मुद्दाम केलंय का मशीनच्या नाइलाजानं झालंय. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम होते, कॅसेटला फुंकर मारून लावायचो, त्यातला १९८५ चा मारिओ आठवा. त्यात ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, नुसता रंग बदललाय! अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता, आजच्या फोनमधल्या एका फोटोच्या जागेत असे शंभरेक गेम मावतील, तिथं दोन चित्रं कुठून परवडणार. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये परग्रहवासी कमी होत जातात तसे उरलेले जोरात पळायला लागतात, ते सुरुवातीला ठरवलेलं नव्हतं, चिपला कमी चित्रं काढायची राहिली म्हणून ती भरभर काढत होती, आणि खेळ त्यामुळंच रंगतो हे बघून तो बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. पॅकमॅनची २५६ वी पातळी अर्धी कचऱ्यानं भरते कारण पातळी मोजायला आठच बिट (० किंवा १ लिहायच्या जागा) होते आणि आठ बिटात २५५ च्या पुढं आकडा जात नाही. हे कळल्यावर मला पॅकमॅन आधीपेक्षा जास्त आवडायला लागला.

अवकाशाची आवड असेल तर कर्बल स्पेस प्रोग्राम हा रॉकेट बांधून उडवायचा गेम घ्याच, कॉम्प्युटर बरा असला पाहिजे पण गेम सेलमध्ये स्वस्त मिळतो. पहिले पंधरावीस रॉकेट पडणार, पडू देत. त्यातला ग्रह फक्त ६०० किलोमीटर त्रिज्येचा आहे, आपली पृथ्वी ६३७१, पण जमिनीवरचं गुरुत्व सारखंच ठेवलंय, त्यामुळं कक्षेत जायला पृथ्वीला लागतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेग पुरतो आणि शिकणाऱ्याला धीर येतो. भाच्याचा प्रश्न होता की अपोलो ११ तीन दिवसात चंद्राच्या कक्षेत गेलं, मग चांद्रयान ३ ला १४ जुलै ते ५ ऑगस्ट २०२३ एवढे दिवस का लागले. मी उत्तर दिलं नाही, त्याला कमी इंधनाचं रॉकेट बनवायला लावलं. एका दमात जाईना. मग पृथ्वीच्या, म्हणजे गेममधल्या ग्रहाच्या, सगळ्यात जवळ आलं की थोडं इंजिन चालवायचं, कक्षा लांबट होते, परत फेरी मारून जवळ आलं की परत चालवायचं, असं करत करत तो चंद्राला पोचला आणि ओरडलाच. इस्रोनं हेच केलं होतं. आपलं रॉकेट उडताना ६४० टनांचं, अपोलोचं सॅटर्न ५ सुमारे २९०० टनांचं, फरक तिथंच आहे.

विज्ञानकथा वाचताना माझा नियम असा आहे की लेखकाला एक थाप माफ, बाकी सगळं हिशोबाला धरायचं. ज्यूल व्हर्ननं १८६५ मध्ये माणसांना ९०० फूट लांब तोफेतनं चंद्राकडं पाठवलं, वेग त्यानं जवळजवळ बरोबर धरला होता, सेकंदाला ११ किलोमीटर. पण २७४ मीटरच्या नळीत शून्यापासून तेवढा वेग घ्यायचा म्हटलं तर आतल्या माणसावर वजनाच्या २० हजार पटीहून जास्त जोर येतोय! कॅल्क्युलेटरवर तुम्हीही करा, वेग मीटरमध्ये घ्यायचा, वेगाचा वर्ग भागिले लांबीची दुप्पट, आणि आलेलं उत्तर परत ९.८ ने भागायचं. एवढं चुकूनही पुस्तक मला आवडतं, कारण चूक मोजता येते इतके आकडे त्यानं दिलेत.

आपल्याकडचं सुरू करायचं तर जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, आपल्या निपाणीपासून हाकेच्या अंतरावर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून कोणी बक्षीस देऊ नये, आणि पहिलं बक्षीस मिळालं. कृष्णविवराजवळ वेळ हळू जातो ही थाप वाटते, पण ती खरी आहे आणि तुमच्या फोनमध्ये रोज वापरात आहे. पृथ्वीजवळही वेळ किंचित हळू जातो, म्हणून वरच्या जीपीएस उपग्रहातलं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं जातं, तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो, म्हणजे आमच्या बेळगावात शहापुरातनं सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत. ती दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते.

अजून एक, आपल्या गावात माणसं आहेत त्यांना विचारा. गेममधला हिरो चार बंदुका पाठीला लावून पळतोय हे बघून मी गल्लीतल्या रिटायर्ड सुभेदार काकांना विचारलं, त्यांनी एका रायफलीचं आणि पिठ्ठूचं वजन सांगितलं आणि ते घेऊन पळताना श्वास कसा जातो तेही. गाडीच्या गेमबद्दल उद्यमबागेतल्या मेकॅनिकला विचारा. शेजारचा कन्नड शाळेतला पोरगा आमच्यात बसायला लागलाय, तो 'गुरुत्वाकर्षणे' म्हणतो आणि आम्ही 'गुरुत्वाकर्षण', तेवढ्यानं काही अडत नाही.

पावसाळ्यात आम्ही तिघं गोकाकला गेलो, बेळगावपासून साठेक किलोमीटर. काठावरनं सुटणारा पाण्याचा एक पांढरा लोळ डोळ्यानं धरायचा आणि तो खाली जाईपर्यंत घड्याळ चालू ठेवायचं, रेलिंगच्या आतनंच. दहा वेळा मोजलं, प्रत्येक वेळी साडेतीनच्या वरच आलं, सव्वातीन एकदाही नाही. भाच्यानं वहीत अंदाज लिहिलाय की पाणी फुटून तुषार होतात म्हणून हवा त्यांना जास्त अडवते. आता गेममध्ये पाण्याऐवजी वाळू टाकून बघायची म्हणतोय.