जुन्या छोट्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये प्लस-पी गोळ्या घालण्याआधी

अमेरिकेत राहणाऱ्या कुणाकडे स्मिथ अँड वेसनची जुनी जे-फ्रेम असेल, म्हणजे पाच गोळ्यांची छोटी .३८ स्पेशल, तर गोळ्यांच्या डब्यावर प्लस-पी, म्हणजे जास्त दाबाच्या गोळ्या, असं लिहिलेलं दिसलं की आधी थांबा. साध्या .३८ स्पेशलला प्रेशरची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब), प्लस-पीला २०,०००, आणि काडतुसाचं माप तेच असल्यामुळे ते आत अगदी आरामात बसतं, बंदूक काही तुम्हाला अडवणार नाही.

पहिलं काम म्हणजे रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं करा, सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता गोल भाग) बाजूला उघडून एकेक खाना डोळ्याने बघा, मग सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो त्याच्या मागे फ्रेमवर मॉडेल नंबर कोरलाय का ते बघा. कंपनीने हे नंबर १९५७ पासून टाकायला सुरुवात केली, तो नसेल तर प्लस-पी नकोच. ॲल्युमिनियम फ्रेमच्या जुन्या एअरवेटला तर अजिबात नको, त्यात बॅरल जिथे फ्रेममध्ये बसतं तिथे खालच्या बाजूला केसासारखी चीर जाते, टॉर्च मारून नीट बघा. मग सिलिंडर बंद करून हलक्या हाताने मागेपुढे ढकला, ठळक ढिलेपणा जाणवला तर साध्या गोळ्यासुद्धा बंद, आधी गनस्मिथला दाखवा.

माझं मत विचाराल तर एवढ्या आखूड बॅरलमधून प्लस-पीने फार काही हाती लागत नाही, धक्का मात्र जोरात बसतो. १४८ ग्रेन वजनाची साधी वॉडकटर, म्हणजे सपाट टोकाची गोळी, घ्या, नेम पण चांगला लागतो.