अमृतसरला दोन दिवस: आधार कार्ड खिशात

जानेवारीतल्या शनिवार-रविवारी मित्राकडे अमृतसरला जायचं असेल तर कपडे, चार्जर, गोळ्या हे तुमचं तुम्ही बघा. आधार कार्ड घ्या. घ्यालच म्हणा, विमानाला लागतंच. पण मी म्हणतोय ते खिशात घ्या, सॅकमध्ये नाही. का, ते पुढे येतंय.

तिकीट दुपारचं काढा. या दिवसांत तिथे रात्री आणि पहाटे असं धुकं दाटतं की विमानं, गाड्या तासन्‌तास रखडतात. रविवारी रात्रीच परतायचं असेल तर सोमवारची रजा आधीच टाका. साहेबांना विमानतळावरून फोन करायला लागला की आवाज आपोआप खोटा वाटतो.

बूट झटकन निघणारे घाला. हरमंदिर साहिबमध्ये, म्हणजे सुवर्णमंदिरात, मोजेही काढायचे असतात. दाराशी उथळ पाण्यातून पाय भिजवत आत जायचं आणि मग पुढे जानेवारीतला संगमरवर! पहिली प्रदक्षिणा मी जवळजवळ पळतच घातली. छोटा पंचा आणि कोरडे मोजे जवळ असू द्या. डोक्याला रुमाल तिथे मिळतो, पण आपला स्कार्फ असला की कानही झाकतात. तंबाखूची पुडी चुकूनही नको. लंगर रात्रंदिवस चालतो. तिथे जेवणार असाल तर यजमानांना आधी सांगा, नाहीतर घरी पराठे वाट बघत असतात आणि नाही म्हणायची सोय नसते.

जालियनवाला बाग तिथून चालत. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा घाईत बघू नका. टाउन हॉलमधलं फाळणी संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा रजा टाकलीय म्हणून ते सोमवारवर ढकलू नका.

आता अटारी, म्हणजे पाकिस्तानची सीमा. तीसेक किलोमीटर. झेंडे उतरवण्याचा सोहळा सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे थंडीत लवकर. दोन तास आधी पोचा. आत बॅग नेऊ देत नाहीत. कुठलीच. मी शहाण्यासारखी सॅक गाडीत ठेवली, रांगेत लागलो, आणि तपासणीच्या वेळी खिशात निघाले शेंगदाणे आणि जुना बोर्डिंग पास. आधार सॅकच्या चोरकप्प्यात, अगदी जपून. मित्र आणि वहिनी पुढे निघून गेलेले, गाडीची किल्ली त्याच्याकडे, फोन लागेना. आतल्या घोषणा मी बाहेर उभं राहून ऐकल्या. वहिनी अजून भेटेल त्याला सांगतात.

तर, आधार पँटच्या खिशात. जॅकेटच्या नाही, गाडीत हीटर लागला की जॅकेट निघतं आणि मागच्या सीटवर राहतं. मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावरही राहू नका. कार्ड. पँटचा खिसा.

बाकी, यजमानांना बाकरवडी. परतीला पापड-वड्या गळ्यात पडतात, सॅकमध्ये जागा ठेवा. सुटे पैसे. पॉवरबँक. गोबिंदगड किल्ला जमला तर. निघताना खिसा चाचपा.